भरलेला तलाव आणि थांबलेला सर्व्हर

१६ जुलै २०२१. दुपारचा एक वाजला. दहावीचा निकाल या वेळी संकेतस्थळावर पाहायला मिळेल, असे राज्य मंडळाने जाहीर केले होते. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावला गेला होता. राज्यभरातले पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे आईवडील, भाऊबहिणी आणि शिक्षक त्या घटकेला मोबाइल घेऊन बसले. आणि संकेतस्थळ उघडेना! मुंबई असो की भंडारा, सगळीकडे तोच कोरा पडदा. हा प्रकार काही तास चालला.

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आपल्याला नवीन नाही. माहिती भरायची शेवटची तारीख आली, की दिवसा पान उघडत नाही म्हणून पहाटे चारला उठून माहिती भरणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. नोंद वेळेत गेली नाही तर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अडते, एखाद्याचा प्रवेश लटकतो. म्हणजे हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही.

पण सर्व्हर 'डाऊन' होतो म्हणजे नेमके काय होते? गर्दी झाली म्हणून तो थांबतो, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. तेवढ्याच गर्दीत एक सर्व्हर चालतो आणि दुसरा कोलमडतो, असे का? तो कोलमडणार हे आधी ओळखता येते का? येत असेल, तर कशावर नजर ठेवायची? या लेखात आपण हे समजून घेऊ. गणित लागेल, पण सातवी-आठवीच्या पुढचे नाही.

टेबल आणि कपाट

सर्व्हर हा मुळात एक संगणकच असतो. कोणी काही मागितले की ते शोधून द्यायचे, एवढेच त्याचे काम. पहिला वेब सर्व्हर १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत सुरू केला, तो टेबलावर मावणारा एक साधा संगणक होता. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याच्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. आज मोठ्या संकेतस्थळांमागे असे शेकडो संगणक असतात, पण प्रत्येकाचे काम तेच.

हे काम करताना संगणक दोन जागा वापरतो. एक स्मृती, म्हणजे मेमरी. दुसरी साठवण, म्हणजे डिस्क. शिक्षकांच्या खोलीतले टेबल आणि कपाट डोळ्यांसमोर आणा. सगळ्या वह्या कपाटात मावतात, पण तपासायची वही टेबलावरच घ्यावी लागते. टेबल लहान असते, पण हाताशी असते. कपाट मोठे असते, पण उठून जावे लागते.

हे 'उठून जाणे' किती लांबचे आहे, याची कल्पना बहुतेकांना नसते. स्मृतीतली एखादी गोष्ट मिळायला साधारणपणे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून ती आणायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. दोन्ही वेळा आपल्याला सारख्याच सूक्ष्म वाटतात, पण त्यांचे गुणोत्तर काढून पाहा. ते एकास एक लाख आहे. स्मृतीतली गोष्ट मिळायला एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कवरची गोष्ट मिळायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास लागतील! टेबलावरची वही उचलायला एक सेकंद आणि कपाटातली आणायला आज दुपारी निघून उद्या संध्याकाळ. हल्लीची बिनतबकडीची डिस्क पुष्कळ वेगवान असते, तरी याच मापाने तिलाही पंधरावीस मिनिटे लागतात. हे गुणोत्तर लक्षात ठेवू. पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

भरलेली स्मृती वाईट का?

सर्व्हरची देखभाल नव्याने शिकणारा माणूस पहिल्यांदा पाहतो ते स्मृती किती भरली आहे हे. ९५ टक्के भरलेली दिसली की तो घाबरतो. घाबरण्यासारखे काही आहे का? उत्तरासाठी आपल्या गावच्या तलावावर जाऊ.

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. साकोलीजवळचा शिवनीबांध आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भाद्रपदात असा तलाव काठोकाठ भरलेला दिसला तर शेतकरी घाबरतो का? उलट त्याचा जीव भांड्यात पडतो. पावसाने ओढ दिली तरी धान वाचेल, अशी ती खात्री असते. त्या दिवसांत तलाव अर्धा रिकामा असेल तरच काळजी.

संगणकाची स्मृतीही अशीच वापरली जाते. एखादी फाइल एकदा डिस्कवरून आणली, की काम झाल्यावरही संगणक ती लगेच टाकून देत नाही. जागा मोकळी आहे तोवर ती स्मृतीतच ठेवतो. पुन्हा कोणी मागितली तर अठ्ठावीस तासांची फेरी वाचते. या राखीव साठ्याला कॅश म्हणतात. खऱ्या कामासाठी जागा हवी झाली, की कॅशमधली जागा क्षणात मोकळी करता येते. म्हणून स्मृती भरलेली दिसणे हे बहुधा ती नीट वापरली जात असल्याचेच लक्षण असते.

लिनक्स या प्रणालीत 'फ्री' ही आज्ञा दिली की स्मृतीचा हिशेब पडद्यावर येतो. त्यात 'फ्री' नावाचाच एक रकाना असतो आणि नवखा माणूस त्यालाच फसतो. त्या रकान्यात अगदी न वापरलेली जागा दाखवलेली असते आणि ती नेहमी थोडीच असते. पाहायचा तो शेवटचा 'अव्हेलेबल' हा रकाना. गरज पडल्यास किती जागा मिळू शकेल, याचा अंदाज तो देतो. या अंदाजाची सोय लिनक्सच्या गाभ्यात २०१४ साली आली. त्याआधी देखभाल करणाऱ्याला ही बेरीज स्वतःच करावी लागे आणि ती नेहमी बरोबर येतेच असे नव्हते.

तेव्हा पहिला धडा असा, की स्मृती किती भरली आहे यापेक्षा ती कशाने भरली आहे हे महत्त्वाचे.

आत किती जण आहेत?

कॅशने भरलेली स्मृती चालते, पण चालू कामांनी भरलेली चालत नाही. मग एका वेळी किती कामे चालू असतील, हे कसे ठरते?

शाळेतल्या नळाकडे पाहा. मधल्या सुट्टीत दर मिनिटाला सहा मुले पाणी प्यायला येतात आणि प्रत्येक जण तिथे सरासरी अर्धा मिनिट थांबतो. मग कोणत्याही क्षणी नळापाशी सरासरी किती मुले दिसतील? सहा गुणिले अर्धा, म्हणजे तीन. आता नळाची धार बारीक झाली आणि प्रत्येकाला एक मिनिट लागू लागले. मुले तेवढीच येत आहेत, तरी नळापाशी आता सहा जण दिसतील.

*आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा वेग × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम*

इतके साधे हे सूत्र रोजच्या वापरात पूर्वीपासून होते. त्याची नेमकी सिद्धता जॉन लिटल या अमेरिकन गणितज्ञाने १९६१ साली दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. दुकान असो, दवाखाना असो की सर्व्हर, तो सगळीकडे लागू पडतो.

आता सर्व्हरचा हिशेब मांडू. समजा, सर्व्हरची स्मृती ८ जीबी आहे. त्यातली २ जीबी प्रणालीला आणि इतर कामांना लागते. उरलेली ६ जीबी, म्हणजे ढोबळमानाने ६००० एमबी. एका पाहुण्याचे काम चालू असेपर्यंत त्याच्यासाठी ४० एमबी अडकून राहते असे धरू. ६००० भागिले ४० म्हणजे १५०. एका वेळी १५० जण आत मावतील.

प्रत्येकाचे काम ०.२ सेकंदात होत असेल, तर दर सेकंदाला १५० ÷ ०.२ = ७५० जणांची सोय स्मृतीच्या दृष्टीने होऊ शकते. पण माहितीच्या कोठारातून उत्तर शोधायला उशीर होऊ लागला आणि काम ३ सेकंदांवर गेले, तर? १५० ÷ ३ = ५०. यंत्र तेच, स्मृती तेवढीच, गर्दीही वाढलेली नाही. पण क्षमता पंधरा पटींनी घटली!

'गर्दी फार झाली' या उत्तराला आम्ही अपुरे म्हटले ते यासाठीच. गर्दी हा गुणाकारातला एक अवयव आहे, दुसरा अवयव मुक्काम. पाहुणे किती यावेत हे सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात नसते, त्यांचा मुक्काम मात्र पुष्कळसा असतो.

निकालाच्या दिवसाचाही हिशेब करून पाहू. पंधरा लाख विद्यार्थ्यांनी दिवसभरात सावकाश एकेकदा निकाल पाहिला, तर सेकंदाला सतरा-अठरा जण येतील. तेच पंधरा लाख पहिल्या दहा मिनिटांत आले, तर सेकंदाला २५०० होतील. शिवाय एका मुलीचा निकाल घरातले तिघे आणि शाळेतला एक जण पाहतो! 'ठीक एक वाजता' या तीन शब्दांत केवढे ओझे दडलेले असते, ते यावरून दिसेल.

पाचवी वही

आता १५० जणांची जागा असताना २०० जण आत आले तर काय होते? संगणक लगेच थांबत नाही. तो एक युक्ती करतो. ज्या कामाला काही वेळ हात लागलेला नाही, ते स्मृतीतून उचलून डिस्कवर ठेवतो आणि जागा करतो. याला स्वॅप म्हणतात. टेबलावर जागा उरली नाही, की एक वही कपाटात नेऊन ठेवावी, तसेच हे. युक्ती चांगली आहे, पण मघाचे गुणोत्तर आठवा.

हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. टेबलावर फक्त चार वह्या मावतील अशी जागा खडूने आखा. एक मुलगी तपासणारी. प्रत्येक वहीत दहा सोप्या बेरजा. नियम असा की एका वहीतली एकच बेरीज करायची, मग पुढची वही घ्यायची आणि असे फिरत राहायचे. हवी असलेली वही टेबलावर नसेल, तर टेबलावरच्या वह्यांपैकी जिला सर्वांत जास्त वेळ हात लागलेला नाही, ती व्हरांड्याच्या टोकाला ठेवून यायची आणि हवी ती आणायची.

आधी चार वह्या घेऊन खेळा. एकदा चारही वह्या टेबलावर आल्या की व्हरांड्यात जावेच लागत नाही. आता पाच वह्या घ्या. काम पाचातल्या एका वहीने वाढले, फेऱ्याही थोड्याच वाढतील असे मुलांना वाटेल. त्यांना अंदाज लिहून ठेवायला सांगा आणि मग खेळा. पाचवी वही आणायला पहिली बाहेर जाते. लगेच पहिलीचीच पाळी येते, म्हणून दुसरी बाहेर जाते. मग दुसरी हवी असते... प्रत्येक बेरजेला एक फेरी! चार वह्यांना एकही फेरी नाही आणि पाचव्या वहीसरशी दर वेळी फेरी. तपासणारी मुलगी घामाघूम होते आणि बेरजा मात्र होत नाहीत.

संगणकाच्या या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. ती का येते आणि कशी टाळावी, याची मांडणी पीटर डेनिंग यांनी १९६८ साली केली. खऱ्या संगणकात सगळी कामे इतक्या काटेकोर पाळीने येत नाहीत, त्यामुळे बदल खेळातल्याइतका टोकाचा नसतो. पण जागेची मर्यादा ओलांडली की वेग हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडावा तसा पडतो, हे खरेच आहे.

आणि इथे लिटलचा नियम उलटतो. स्वॅपमुळे प्रत्येकाचा मुक्काम वाढतो. मुक्काम वाढला की आतल्यांची संख्या वाढते. संख्या वाढली की आणखी स्वॅप. हे चक्र एकदा सुरू झाले की बाहेरची गर्दी वाढली नाही तरी चालूच राहते. त्यात आपणही भर घालतो. पान उघडत नाही म्हणून पुन्हापुन्हा बटण दाबतो. पुष्कळदा आपण सोडून दिलेले जुने काम आत चालूच असते आणि त्याच्या शेजारी नवे येऊन बसते. शेवटी स्मृती आणि स्वॅप दोन्ही संपले, की लिनक्स नाइलाजाने एखादे काम मारून टाकतो. निवड बहुधा सर्वांत जास्त स्मृती धरून बसलेल्याची होते. ते काम अनेकदा माहितीच्या कोठाराचेच असते, ज्यावाचून बाकीच्यांचे काहीच चालत नाही.

सांडवा कुठे आहे?

आपले तलाव बांधणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. पाऊस किती पडेल हे त्यांच्या हातात नव्हते. म्हणून तलावाला त्यांनी सांडवा ठेवला, आणि तो पाळीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवला. पाणी एका पातळीच्या वर गेले की सांडव्यावरून निघून जाते. ते पाणी वाया गेल्यासारखे दिसते, पण त्यामुळे पाळ वाचते आणि तलाव वाचतो.

सर्व्हरलाही सांडवा हवा. एका वेळी इतकीच कामे आत घ्यायची, बाकीच्यांना 'थोड्या वेळाने या' असे सांगायचे किंवा दाराबाहेर रांगेत उभे करायचे. १९९५ पासून वापरात असलेल्या अपाची या सर्व्हर-आज्ञावलीत अशी मर्यादा घालता येते. तिच्या जुन्या पद्धतीच्या मांडणीत ही मर्यादा न बदलता सोडली, तर ती २५६ असते. आता आपल्या उदाहरणाशी ताडून पाहा. २५६ गुणिले ४० एमबी म्हणजे १०,२४० एमबी, आणि जागा आहे ६००० एमबीची. म्हणजे इथे सांडवा पाळीच्या माथ्याहून उंच बांधला गेला! गर्दी होईपर्यंत ही चूक दिसत नाही. पूर आला की पाळच फुटते. मर्यादा १५० च्या थोडी खाली ठेवली असती, तर १५१ वा पाहुणा ताटकळला असता, पण आधीचे १५० जण आपला निकाल पाहून निघून गेले असते आणि त्याचीही पाळी लवकर आली असती.

नव्वद टक्क्यांचे कोडे

मर्यादेच्या आत राहिलो म्हणजे सुटलो, असेही नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली या विषयावरचा पहिला लेख लिहिला. कंपनीत येण्यापूर्वी तो काही वर्षे शाळेत शिक्षक होता, हे आपल्याला सांगायला हवे! येणाऱ्या फोनना किती वेळ ताटकळावे लागेल आणि किती तारा ठेवाव्या लागतील, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने घातलेल्या पायावर पुढे रांगांचे गणित उभे राहिले.

त्यातला एक साधा निष्कर्ष पाहू. काम करणारा एकच आहे, माणसे कशीही अधूनमधून येतात आणि कामाची लांबीही कमीजास्त असते असे मानू. कामकरी आपल्या वेळेपैकी निम्मा वेळ गुंतलेला असेल, तर येणाऱ्याला एकूण लागणारा सरासरी वेळ कामाच्या वेळेच्या दुप्पट असतो. कामकरी ८० टक्के गुंतला की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट आणि ९९ ला शंभरपट.

आकड्यांची चाल पाहा. ५० पासून ८० पर्यंत तीस टक्के वाढ झाली, तेव्हा वेळ दुपटीवरून पाचपटीवर गेला. ९५ पासून ९९ पर्यंत केवळ चार टक्के वाढ, आणि वेळ विसावरून शंभरावर! 'अजून पाच टक्के शिल्लक आहे' म्हणून निश्चिंत राहणाऱ्याचा घात होतो तो इथे. रिकामी ठेवलेली थोडी क्षमता हा आळस नसतो. अनपेक्षित गर्दी रिचवायला तीच उपयोगी पडते.

गाळ

आतापर्यंत एका दिवसाची गोष्ट झाली. काही बिघाड मात्र महिनाभर हळूहळू होतात.

जुन्या तलावांचे मोठे दुखणे म्हणजे गाळ. तलाव पावसाळ्यात पूर्वीसारखाच काठापर्यंत भरतो. काठावरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. पण तळ वर आलेला असतो. पाणी कमी मावते आणि ऐन गरजेच्या वेळी ते लवकर संपते.

स्मृतीतही गाळ साचतो. एखादी आज्ञावली कामासाठी जागा मागते, काम संपते, पण लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे जागा परत द्यायची राहून जाते. एका वेळी राहिलेली जागा क्षुल्लक असते. पण तेच काम दिवसातून लाख वेळा होते. इंग्रजीत याला गळती म्हणतात, आम्हाला गाळ हा शब्द अधिक नेमका वाटतो. त्यावरचा तात्पुरता उपाय म्हणजे ठरावीक कामांनंतर ती आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करणे, म्हणजे तलाव रिकामा करून गाळ उपसणे. कायमचा उपाय अर्थात चूक शोधून दुरुस्त करणे हाच.

गाळ ओळखायचा कसा? आजचा एक आकडा पाहून तो कधीच कळत नाही. रोज पहाटे तीन वाजता, गर्दी नसताना, 'अव्हेलेबल' किती आहे ते महिनाभर नोंदवा आणि आलेख काढा. रेषा आडवी राहिली तर ठीक. ती रोज थोडी थोडी उतरत असेल, तर गाळ साचतो आहे, आणि ती शून्याला कोणत्या तारखेला टेकेल हे पट्टी लावून सांगता येते.

सरासरीची फसवणूक

आणखी एक सापळा आहे आणि तो गणिताच्या तासाला फार उपयोगी आहे. समजा, १०० जणांनी पान मागितले. ९५ जणांना ते ०.२ सेकंदात मिळाले, पाच जणांना २० सेकंद लागले. सरासरी काढा. (९५ × ०.२ + ५ × २०) ÷ १०० = १.१९ सेकंद. हा आकडा पाहून 'सर्व्हर थोडा संथ आहे' असे आपण म्हणू. पण १.१९ सेकंद एकालाही लागलेले नाहीत! मध्यक ०.२ आहे, तो म्हणेल सगळे उत्तम आहे. त्या पाच जणांचा त्रास दोन्ही आकड्यांत दिसत नाही. म्हणून जाणकार विचारतात, 'शंभरातल्या नव्व्याण्णवांना किती वेळाच्या आत उत्तर मिळाले?' मागे पडलेल्यांकडे पाहिल्याशिवाय वर्गाची स्थिती कळत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

मग नजर कशावर ठेवायची?

आतापर्यंतच्या चर्चेतून पाच गोष्टी हाती येतात.

१. मिळू शकणारी स्मृती. 'अव्हेलेबल'चा रकाना, 'फ्री'चा नव्हे.

२. स्वॅपची ये-जा. स्वॅपमध्ये जुने काही पडून असेल तर बिघडत नाही. ये-जा सतत चालू असेल तर धोका. 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा ती दाखवते.

३. आत चालू असलेली कामे, आणि ती सांडव्यापासून किती दूर आहेत.

४. भार. 'अपटाइम' ही आज्ञा गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा भार तीन आकड्यांत दाखवते. चालू असलेली आणि पाळीची वाट पाहणारी कामे त्यात मोजली जातात, लिनक्समध्ये डिस्कसाठी अडकलेलीही. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर गर्दी वाढते आहे, लहान असेल तर ओसरते आहे.

५. पाहुण्याला प्रत्यक्ष लागलेला वेळ, तोही मागे पडलेल्यांचा.

आणि या सगळ्यांची नोंदवही. नदीची पातळी पूर आल्यावर मोजायला सुरुवात केली, तर आजचा आकडा नेहमीपेक्षा किती वेगळा आहे हे कळणार कसे? लिनक्समध्ये 'सार' नावाची सोय दर दहा मिनिटांनी अशी नोंद आपोआप ठेवू शकते. साध्या दिवसांच्या नोंदी असतील, तरच वाईट दिवस वेळेत ओळखू येतो.

शाळेत करून पाहा

सर्व्हर हाताशी नसला तरी शाळेतला संगणक पुरतो. विंडोज असेल तर 'टास्क मॅनेजर' उघडून स्मृतीचे पान पाहा. तिथे वापरात असलेली, मिळू शकणारी आणि कॅशमधली जागा वेगवेगळी दाखवलेली असते. संगणक नुकताच सुरू केलेला असताना एखादी मोठी फाइल उघडायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. ती बंद करा आणि पुन्हा उघडून मोजा. जुन्या, फिरत्या डिस्कच्या संगणकावर फरक डोळ्यांना दिसेल. फाइल बंद केल्यावरही कॅशचा आकडा खाली का आला नाही, हे मुलांना विचारा.

लिटलचा नियम नळावर तपासा. एक गट दर मिनिटाला येणारी मुले मोजेल, दुसरा प्रत्येकाचा मुक्काम, तिसरा दर पंधरा सेकंदांनी नळापाशी असलेल्यांची संख्या. तिन्ही गटांनी एकमेकांना न विचारता मोजायचे आणि शेवटी गुणाकार जुळतो का ते पाहायचे.

पुढच्या वेळी पान उघडले नाही, तर मुलांना एवढे तरी नक्की सांगा, की बटण सारखे दाबू नका, थोडे थांबा. आणि निकाल, प्रवेश, शिष्यवृत्ती यांची व्यवस्था जे करतात त्यांना आपण एक प्रश्न विचारू शकतो. तुमचा सांडवा किती उंचीवर आहे आणि गर्दी येण्यापूर्वी तो कोणी मोजला आहे का? गावातला जाणता माणूस पावसाळ्याआधी पाळीवरून एक फेरी मारून येतो. सर्व्हरच्या बाबतीतही ती फेरी चुकवता येत नाही.